सफरचंदं उतरली! तुमच्या ओव्हनमध्ये काय आहे? (अनुभव धागा; उत्तरांवर लिहिणाऱ्यांची ठिकाणं)

इथे मॅसॅच्युसेट्समध्ये सप्टेंबर लागला की शनिवारी निम्मं गाव सफरचंदाच्या बागेत सापडतं. फाटकाशी पिशवीचे पैसे भरायचे आणि आत जाऊन हाताने फळं तोडायची. मुलं झाडाखालीच पोट भरतात, तरी परतताना डिकीत दहा-बारा किलो असतातच. त्यांचं पुढे तुम्ही काय करता, ते लिहायला हा धागा. एकच विनंती, आधी सफरचंद कुठलं ते सांगा. नुसतं 'चार सफरचंदं घ्या' म्हणणाऱ्या कृतीवर माझा विश्वास नाही. एका जातीची फोड भाजल्यावरही जशीच्या तशी राहते, दुसरीचा बघता बघता लगदा होतो.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्याकडे आधी मॅकिंटॉश येतं, मागोमाग कोर्टलंड. मॅकिंटॉशचा वास अप्रतिम, पण आच लागली की ते विरघळतं. कोर्टलंड चिरून ठेवलं तरी लवकर काळं पडत नाही आणि पायमध्ये, म्हणजे पारीत भरून भाजलेल्या पदार्थात, फोड टिकते. म्हणून दोन वाटे कोर्टलंड, एक वाटा मॅकिंटॉश. फोडींना साखर, लिंबू, दालचिनी आणि चिमूटभर मीठ लावून तासभर ठेवते. सुटलेलं पाणी गाळून पातेल्यात आटवते, चमच्याला चिकटेपर्यंत, आणि तो पाक परत फोडींवर ओतते. ही पायरी कृपया गाळू नका. पाणी आधीच निघाल्यामुळे फोडी टिनमध्ये दाटीने बसतात, वरच्या आवरणाखाली पोकळी राहत नाही आणि तळ ओला होत नाही.

गेल्या वर्षी आई कोल्हापूरहून आली होती. मी पायची कड काट्याने दाबायला घेतली, तर तिने टिन स्वतःकडे ओढून घेतलं आणि करंजीची मुरड घालायला सुरुवात केली. कड चिमटीत धरायची, अंगठ्याने आत दुमडायची, बोटभर पुढे सरकायचं, असं करत तिने पूर्ण गोल आवळला. रसाचा थेंब बाहेर आला नाही. तेव्हापासून आमच्या पायला मुरडच असते.

ठाणेदार, हिमाचल

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं शिमल्याच्या पुढे ठाणेदारला होतो. या पट्ट्यात सत्यानंद स्टोक्स यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतून आणलेली डेलिशियस जातीची रोपं लावली आणि पुढे सगळा डोंगर सफरचंदाचा झाला. हंगामात गावात दुसरा विषय नसतो. पेट्या भरल्या का, ट्रक आला का, मंडीत आज भाव काय. त्यात पावसाळा. दरड कोसळून रस्ता बंद झाला की भरलेल्या पेट्या अंगणातच राहतात, आणि वर्षभराचे कष्ट असे थांबलेले बघून आपलाही जीव कासावीस होतो.

भाव रॉयल डेलिशियसला, पण भाजायला रॉयल घेऊ नका. ते कच्चं खायचं फळ. आंबटपणा कमी, भाजलं की चव हरवते. रॉयलला स्वतःच्याच परागाने नीट फळ धरत नाही, म्हणून बागेत अधूनमधून गोल्डन डेलिशियसची झाडं लावतात. या पिवळ्या फळाला बाजारात मान कमी. आमच्या घरमालकीणबाई ती टोपलीभर दारात ठेवून जायच्या.

मी ती अख्खी भाजायचे. देठाकडून बिया कोरून काढायच्या, पण तळाला भोक पडू द्यायचं नाही. आत अक्रोड, मनुका, गूळ आणि लोण्याची गोळी. फळाच्या मध्यावर सुरीने गोल रेघ ओढायची, म्हणजे साल वाटेल तशी फाटत नाही. वीज गेली तर जाड बुडाचं पातेलं, घट्ट झाकण आणि चुलीतले निखारे, थोडे खाली आणि थोडे झाकणावर. गोल्डन मऊ होतं, पण आकार सोडत नाही.

नॉटिंगहॅम, इंग्लंड

आमच्या भागाचं फळ ब्रॅम्ली. जवळच्या साउथवेल गावात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ मध्ये बी पेरलं. पुढे ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने घेतलं, आणि कलमं न्यायला परवानगी दिली ती फळाला आपलं नाव देण्याच्या अटीवर. जिने पेरलं तिचं नाव फळाला नाही, याची मला दर ऑक्टोबरात खंत वाटते.

कच्चं खाववत नाही इतकं आंबट, पण शिजलं की कापसासारखं फुलतं. म्हणून क्रम्बलच करावं, म्हणजे फोडींवर भुरभुरीत चुऱ्याचा थर देऊन भाजायचं. मैदा, साखर आणि थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं. तळव्याची ऊब लागली की लोणी वितळतं. वर पावडरचं गरम कस्टर्ड. सासूबाई अंडं खात नाहीत, त्यामुळे त्यांना शंका होती. पण बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ही कस्टर्ड पावडर केली तीच मुळी बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं.

फळं विकत आणावी लागत नाहीत. झाडाखाली पडलेली सफरचंदं शेजारी खोक्यात भरून फाटकाबाहेर ठेवतात, हवी त्याने न्यावीत.

उत्रेख्त, नेदरलँड्स

इथे गौडरेनेत, खरखरीत सालीचं, आंबट. डच लोक फोडी घालण्याआधी तळाला टोस्टचा चुरा पसरतात, तो रस शोषतो. मी भाजलेला जाड रवा घालते, छान होतं. मुरडीचं वाचून फार बरं वाटलं, पण इथे वर पिठाच्या पट्ट्यांची जाळीच हवी.

पुणे

आमचा सफरचंदांचा हंगाम म्हणजे गणपती. दर्शनाला येणारे फळं ठेवतात आणि विसर्जनानंतर शिमल्याची सफरचंदं टोपलीभर उरतात. प्रसादाचं फळ वाया जाऊ द्यायचं नाही, असं आमच्याकडे पहिल्यापासून आहे.

ओव्हन नाही. जाड कढईत मीठ पसरते, त्यावर स्टँड, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवते आणि मग टिन आत. फळ गोड, म्हणून एका लिंबाचा रस आणि साल किसून घालते. वर ज्वारीचं पीठ, तूप, गूळ. कढईत वरून आच नसते, त्यामुळे वरचा थर लाल होत नाही. पीठ आधीच तुपावर खमंग भाजून घ्यायचं, मग काही उणं राहत नाही.

सिडनी

आमचा हंगाम उलटा, मार्च ते मे. ग्रॅनी स्मिथ तर इथलंच, ईस्टवूडला मारिया ॲन स्मिथ यांच्या बागेत १८६८ च्या सुमारास उगवलेलं. पाडवा एप्रिलमध्ये आला की नवी फळं मिळतात. मी गरम क्रम्बलवर आइस्क्रीमऐवजी गार श्रीखंड वाढते. फोडींना साखर अगदी कमी. पुण्याच्या ताई, ज्वारी-तुपाचं प्रमाण लिहाल का?

पुणे

वाटीभर ज्वारीच्या पिठाला अर्धी वाटी पातळ तूप, अर्धी वाटी किसलेला गूळ. गूळ गॅस बंद करून पीठ कोमट झाल्यावर मिसळा, नाहीतर त्याचा पाक होऊन खडे होतात. ग्रॅनी स्मिथ असेल तर लिंबू नको.