मदत हवी आहे: क्रिकेटपटू भाऊसाहेब निंबाळकरांच्या ४४३ धावांबद्दल

मंडळी, भाच्याला शाळेच्या वादविवाद स्पर्धेत विषय मिळालाय: 'विक्रमासाठी सामना लांबवावा का?' मी त्याला डिसेंबर १९४८ चा पुण्यातला महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड रणजी सामना सुचवलाय. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी नाबाद ४५२ ला ओलांडायला फक्त १० धावा हव्या होत्या. महाराष्ट्र ४ बाद ८२६ आणि खेळाच्या मधल्या सुट्टीत काठियावाडने सामनाच सोडून दिला! दोन षटकं तरी टाकायची ना, राव. (त्यांची पार दमछाक झाली असणार, तेही खरंच.)

उलट बाजूला २०२५ चा दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार मुल्डर आहे. बुलावायोत झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद ३६७ वर असताना त्याने स्वतःच डाव घोषित केला आणि लाराचे कसोटीतले विक्रमी ४०० तसेच राहू दिले. मला हे जरा जास्तच वाटलं. भाचा म्हणतो, हाच मोठेपणा.

त्या पुण्याच्या सामन्याची मराठी वर्तमानपत्रातली कात्रणं कुणाकडे आहेत का? पुण्यात जुने अंक कुठल्या ग्रंथालयात चाळू देतात? आणि कुणाच्या आजोबांनी तो सामना बघितला असेल, तर मैदानावरच्या लोकांनी काय केलं, आरडाओरडा झाला का, हे प्लीज लिहा. स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे.