मदत हवी आहे: कॅम्परमधला एसी रात्रभर बॅटरीवर चालवायचा आहे, दीड तासात बंद पडतो

मांद्रेकर: मंडळी, ट्रॅव्हलर व्हॅनचा कॅम्पर (आत झोपता येईल अशी गाडी) करून घेतलाय. १ टनाचा साधा विंडो एसी, बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करून देणारा १२ व्होल्टचा २००० वॉट प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर, १५० एएच (अँपियर-तास) क्षमतेच्या दोन ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटऱ्या पॅरललमध्ये. बॅटऱ्या पलंगाखाली, इन्व्हर्टर तिथून ३ मीटरवर, वायर १० स्क्वेअर एमएम. रात्री १०ला एसी लावला की साडेअकराला इन्व्हर्टर टीं टीं करून लो-व्होल्टेजवर जातो. अर्ध्या तासाने बॅटरीवर मीटर लावला तर १२.१ दाखवतो. आणखी दोन बॅटऱ्या जोडल्या तर सकाळी ६पर्यंत निघेल का?

तांबडी माती: जोडू नका. जुनी बॅटरी नवीलाही घेऊन बुडते.

आधी वायर बघा. १० स्क्वेअर एमएमचा रेझिस्टन्स मीटरमागे साधारण १.८ मिलिओहम. जाऊन-येऊन ६ मीटर आणि ११० अँपियर, म्हणजे १.२ व्होल्ट वायरीतच जिरतात. बॅटरीपाशी ११.७ असताना इन्व्हर्टरला १०.५ दिसतात आणि तो बंद होतो. वायर हाताला पोळत असणार. आजच काढा. फ्यूजचा उल्लेखही नाही. तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. आणि ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिच्यावर माणूस झोपवू नये.

वायर सुधारूनही पहाट गाठणार नाही. कागदावर ३.६ युनिट (१२ व्होल्ट × ३०० एएच) दिसतात, पण ट्युब्युलरची क्षमता २० किंवा १० तासांच्या हिशेबाने लिहिलेली असते. अडीच-तीन तासांत उपसली तर जेमतेम साठ टक्के हाती लागते.

रात्रपाळी: खरा खादाड एसी आहे. साधा कंप्रेसर चालू असेपर्यंत ११००-१२०० वॉट खातो, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट. ०.८ टनाचा इन्व्हर्टर एसी (कंप्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा) २६ वर ठेवला की खोली थंड झाल्यावर ३००-४०० वॉटवर उतरतो. पण गाडी बंदिस्त असेल तरच. नुसता पत्रा आणि मोठ्या काचा असतील तर तोही रात्रभर ७०० वर धापा टाकेल. छताला आणि बाजूंना उष्णता अडवणारा २५ मिमी नायट्राइल फोम, काचांना फॉइलचे पडदे, आणि ड्रायव्हरची केबिन जाड पडद्याने वेगळी करा. आपल्याकडे थंड करण्याबरोबरच हवेतला ओलावा काढण्याचेही मोठे काम असते, त्यामुळे दाराच्या रबरातली फट फोमइतकीच महाग पडते.

हिशेब: ४०० वॉट × ८ तास = ३.२ युनिट. इन्व्हर्टरचा तोटा धरून ३.६. बॅटरी ८० टक्केच वापरायची तर ४.५. म्हणजे ५१.२ व्होल्ट १०० एएच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, ५.१२ युनिट, पुरते. इन्व्हर्टरही ४८ व्होल्टचा घ्या. ४०० वॉटला करंट दहा अँपियरच्या आत राहतो आणि वायरीचा प्रश्नच मिटतो. मात्र बॅटरी घेण्यापूर्वी नवा एसी एक रात्र घरच्या १५ अँपियरच्या प्लगवर, मध्ये युनिट मोजणारा मीटर लावून, गाडीतच चालवा. मीटरने ५ दाखवले तर वरचा सगळा हिशेब विसरा.

मांद्रेकर: समजले. चार्जिंग गाडी चालवताना होईल ना?

तांबडी माती: थोडेच. गाडीच्या १२ व्होल्टच्या बाजूने ५० अँपियर घेऊन मोठी बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर सहाशे-साडेसहाशे वॉट देतो. पणजी ते काणकोण दोन तास धरले तर सव्वा युनिट. अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राला) थेट जोडू नका: लिथियम ओढेल तेवढे ओढते आणि इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना अल्टरनेटर जळू शकतो. छतावर ८०० वॉट सोलर असेल तर एप्रिल-मेमध्ये दिवसाला तीनेक युनिट, आषाढात त्याच्या साधारण निम्मे. होमस्टेवर ५८ व्होल्ट २० अँपियरचा चार्जर लावला की साडेतीन-चार तासांत भरते. बॅटरी संपली म्हणून इंजिन चालू ठेवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइड कळतही नाही.

मांद्रेकर: ०.८ टनात विंडो मिळत नाहीये. स्प्लिट चालेल?

रात्रपाळी: चालेल. बाहेरचे युनिट रबर बुशवर बसवा आणि तांब्याच्या पाइपला एक मोठा वेढा द्या, नाहीतर खड्ड्यांत पाइपचा जोड आवळणारा फ्लेअर नट ढिला होतो. महिन्याने नटाभोवती बघा. तेलकट, धूळ चिकटलेले कडे दिसले तर गॅस तिथूनच जातोय. बॅटरीच्या टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा आणि टिन केलेली (कथिलाचा मुलामा दिलेली) वायर वापरा. खाऱ्या वाऱ्यात उघडे तांबे दोन पावसाळ्यांत हिरवे पडते.