गिटारच्या एफ कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीवर) गाडी अडते. सराव वाढवू का?

पऱ्हाटीवाला
नमस्कार मंडळी. दारव्ह्याकडचा आहे, वय २३, शेती करतो. आठ महिन्यांपूर्वी नागपूरला सीताबर्डीतून जुनी अकूस्टिक गिटार घेतली. इकडे क्लास नाही, जे काय ते मोबाईलवर बघून. सध्या हरभऱ्याची जागल सुरू आहे, त्यामुळे माळ्यावर बसून रोज रात्री दोन-अडीच तास वाजवतो. सी, जी, ए मायनर व्यवस्थित येतात. एफ आला की मात्र बैल चिखलात बसल्यासारखं होतं. सीवरून जाताना एक ठोका गिळला जातो, आणि बोटं बसली तरी खालच्या दोन तारा नुसत्या फट्ट फट्ट करतात. चार महिने तिथंच आहे. आई म्हणते, "वाजव बापू, तुह्या त्या वाजवण्यानं डुक्कर त येत नाही वावरात."
दोनाचे तीन तास करू का? की माझी बोटंच आखूड आहेत?

सहावी_तार
बोटांना कशाला दोष देतोस? आधी एक सांग, त्या अडीच तासांत एफ किती वेळा येतो? मोजून सांग, अंदाजे नको.

पऱ्हाटीवाला
काल मोजलं सर. गाणी पाच-सहाच आहेत, तीच फिरवून फिरवून वाजवतो. एफ आला ४१ वेळा. त्यातला नीट वाजला तीनदा.

सहावी_तार
म्हणजे रोज ३८ वेळा चुकीचा एफ घोटतोयस, आणि हात तोच पाठ करतोय. मी शाळेत शिकवतो. पोरं पाढे म्हणताना सतरा चोकला अडतात आणि परत सतरा एकेपासून सुरू करतात. सतरा एके फार छान पाठ होतं! मी स्वतः वर्षभर गिटारवर हेच केलं.

गाणी आठ दिवस बंद. त्याआधी गिटार तपास. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) जाड तार, म्हणजे सहावी, किती उंच आहे ते पट्टीनं मोज. अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक, चार भरली तर दोष तुझा नाही, सेटिंग करून घे. मग तार तिसऱ्या फ्रेटवर दाब आणि पहिल्या फ्रेटच्या वर बघ. कागद जाईल एवढीच फट हवी. जास्त असेल तर डोक्याकडच्या पट्टीच्या खाचा उंच आहेत, आणि एफ नेमका तिला लागूनच असल्यामुळे सगळा त्रास तिथं होतो.

आता बोट. पहिल्या बोटानं सहाही तारा आवळायच्या नसतात. एफमध्ये पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीची बोटं दाबतातच. पहिल्या बोटाला फक्त सहावी, दुसरी आणि पहिली सांभाळायची. दुसरी आणि पहिली म्हणजे तुझ्या फट्ट वाजणाऱ्या त्याच दोन बारीक तारा! बोट सपाट ठेवू नको, अंगठ्याकडच्या हाडाच्या कडेवर किंचित कलतं कर, फ्रेटच्या पट्टीला अगदी चिकटून. अंगठा मानेच्या मागे मधोमध.

हाच आकार आधी पाचव्या फ्रेटवर धर, तिथं तो ए होतो आणि जोर कमी लागतो. एकेक तार छेडून ऐक. साफ वाजली की चौथ्यावर ये, मग तिसऱ्यावर. पहिल्यावर पोचायला दहा दिवस लागले तर लागू दे.

रोज पंधरा मिनिटं, तीही एकदम नाही: पाच सकाळी, पाच दुपारी, पाच रात्री. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ५० वर, चार ठोके सी, चार ठोके एफ. सलग चार वेळा साफ गेलं तरच ५४. मनगट दुखलं की थांब. आणि झोप काढ, हाताला शिकवलेलं झोपेत मुरतं. जागलीवाल्याला हे सांगतोय म्हणजे कमालच आहे म्हणा.

पेटीवाले काका
आम्ही भजनी मंडळातले, गिटारीतलं कळत नाही. पण खंजिरीवर नवीन पोट्टा बसला की आम्ही आधी तोंडानं ठेका म्हणवून घेतो, हात मांडीवर. तोंडात अडखळला तर हातात अडखळणारच. एक-दोन-तीन-चार मोठ्यानं म्हण बापा, आणि ‘चार’ म्हणतानाच बोटं उचल, ‘एक’ची वाट पाहू नको. थंडीत बोटं शेकून घे. शेकोटीजवळ गिटार मात्र नेऊ नको, लाकूड अन् सरस दोन्ही जातात.

पऱ्हाटीवाला
१९ दिवस झाले. फट खरंच जास्त होती, यवतमाळला जाऊन खाचा घासून आणल्या. मिनिटाला सी-एफ आधी नऊ वेळा व्हायचं, आता २४. मेट्रोनोम ६६ वर आहे. पहिली तार अजून अधूनमधून मरते, विशेषतः दिवसभर कापूस वेचून आलो की. वाळल्या बोंडाचे काटे नेमके त्याच बोटाला लागतात. काकांचं ‘चार’ला उचलणं सगळ्यात कामी आलं.
फक्त रात्री आता पाचच मिनिटं आवाज होतो. सरावाचे दोन तास वाचले, पण परवा डुकरांनी धुऱ्याकडचे हरभऱ्याचे चार तास (ओळी) साफ केले. आई म्हणते, जुनंच वाजव.