माळ्यावर सापडलेला चिंचोक्यांचा डबा: लहानग्यांच्या खेळाचे आपापले अनुभव येथे लिहावेत

शेवंती
गणपतीच्या आधीची साफसफाई म्हणून शनिवारी माळा काढला, तेव्हा दुधाच्या पावडरीचा एक गंजलेला डबा हाती लागला. आत चिंचोके होते. १९९१ च्या पावसाळ्यात डोंबिवलीच्या चाळीत, माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना, बाहेर चिखल आणि आत एकच खोली अशा अवस्थेत हा डबा तिचे सर्वस्व होता. शहाबादी फरशीच्या प्रत्येक चौकोनात ती एकेक चिंचोका ठेवत जाई, मध्येच एखादा चौकोन सुटला की मागे जाई आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी चिंचोके संपले की फार गंभीर चेहऱ्याने सांगे, "आई, दारातली फरशी उपाशी राहिली." हे गणित आहे असे तेव्हा मला कोणी सांगितले असते, तर मी हसले असते. माझ्या दृष्टीने पोळ्या होईपर्यंत पोरगी एका जागी बसत होती, एवढेच.

आता त्याच मुलीची मुलगी साडेतीन वर्षांची आहे, जूनपासून नर्सरीत जाते आणि रोज एक पान उभ्या रेघा गिरवून आणते. परवा रेघ वाकडी आली म्हणून ती रडली. डबा हातात धरून मी बराच वेळ माळ्याच्या शिडीवरच बसून राहिले. तीन ते पाच वर्षांची मुले घरात आणि घराबाहेर काय खेळली, त्यातून काय शिकली आणि आपण मोठ्यांनी त्यात काय मदत केली किंवा काय बिघडवले, ते कृपया लिहावे. बिघडवलेले आधी लिहिले तरी चालेल.

पोळपाट
कणकेचा गोळा. आमच्या चिरंजीवांना रोज सकाळी पोळ्यांच्या वेळी लिंबाएवढा गोळा मिळतो आणि गेल्या पाच महिन्यांत त्यांनी त्याचे केवळ साप केले आहेत. सुरुवातीला "अरे, लाडू कर, करंजी कर" असे सुचवण्याची चूक मी केली आणि प्रत्येक वेळी गोळा माझ्याच अंगावर आला. नंतर गप्प बसलो, तेव्हा लक्षात आले की लांब साप, त्याहून लांब साप, जाडा पण आखूड साप, दोन साप जोडून झालेला एक साप असे त्यांचे स्वतंत्र संशोधन चालू आहे. संशोधनाच्या शेवटी सर्व साप एकत्र मळून त्यांची पोळी लाटली जाते, ती भाजावी लागते आणि आजोबांना खावी लागते. आजोबांनी अद्याप तक्रार केलेली नाही, परंतु हल्ली ते नाश्ता लवकर उरकू लागले आहेत.

शेवंती
आजोबांना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडेही ह्यांनी अशा पोळ्या खाल्लेल्या आहेत.

मनगट
मी लहान मुलांसाठी व्यवसायोपचाराचे (ऑक्युपेशनल थेरपीचे) काम करते, म्हणून रेघांविषयी थोडे लिहिते. मनगटात आठ लहान हाडे असतात. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला, तर त्यांतली साधारण तीन-चारच दिसतात. उरलेली अजून मऊ कूर्चेच्या रूपात असतात. त्या हातात पेन्सिल देऊन सरळ रेघेची अपेक्षा ठेवणे म्हणजे ओल्या भिंतीवर माळा चढवण्यासारखे आहे. लेखनाला लागणारी ताकद आधी खांद्यात येते, मग कोपरात, मनगटात आणि सर्वांत शेवटी बोटांच्या टोकांत. म्हणून झाडाला लोंबकळणे, भरलेली छोटी बादली उचलणे, ओले फडके पिळणे, मटार सोलणे, चिमटीने मोहरी उचलणे ही सगळी लेखनपूर्व तयारीच आहे. मटार सोलताना निम्मे तोंडात जातात, तो खर्च समजावा.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी एक गोष्ट आवर्जून विचारते: मूल शेवटचे कधी झाडावर, कठड्यावर किंवा घसरगुंडीवर उलट बाजूने चढले? बहुतेकांना आठवत नाही, आणि ज्यांना आठवते ते "मी लगेच खाली उतरवले हो" असे अभिमानाने सांगतात.

पालघरची बाई
मी अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाले. आमच्या भागात ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ या बालशिक्षणाचे काम केलेल्या दोघींची नावे घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. ताराबाई आधी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर होत्या. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली आणि तिचे नाव झाले अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरे. १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द गावोगाव गेला, पण त्यातले 'अंगण' पुष्कळ ठिकाणी मागे राहिले, असे मला वाटते.

माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग असतात. कोसबादकडच्या कामातून आम्ही हे शिकलो की तेच काम शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आणि काड्यांनी होते. माझ्या अंगणवाडीत पावसाळ्यात एक खेळ ठरलेला असे. मुलांनी येताना वाटेवरचे एक पान आणायचे आणि मग आपल्या पानासारखे पान कोणाकडे आहे ते शोधायचे. मला वाटे, मुले सागाची पाने एकत्र ठेवतील आणि पळसाची एकत्र. एका चार वर्षांच्या मुलीने मात्र सर्व पानांचे दोन ढीग केले. मी विचारले तर म्हणाली, "ही बकरी खाते, ही खात नाही." तिचे वर्गीकरण माझ्यापेक्षा पक्के होते, कारण तिच्या घरी बकऱ्या होत्या.

पोळपाट
बाई, हे वाचून मी आमच्या चिरंजीवांना सोसायटीच्या बागेत पाने आणायला पाठवले. त्यांनी एक पान आणले आणि सोबत माळीकाकांनाही आणले. ते रागावलेले होते.

सातवा_मजला
अंगण असलेल्यांचा हेवा वाटतो. आम्ही पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो आणि खाली हिरवळीवर 'गवतावर चालू नये' अशी पाटी आहे. तरीही जे जमले ते सांगते. नारळाच्या करवंटीत माती भरून मेथी पेरली. मेथीच का, तर ती तीन-चार दिवसांत वर येते. आंब्याच्या कोयीची वाट पाहण्याइतका धीर चार वर्षांच्या मुलाजवळ नसतो. पहिल्या खेपेला त्याने रोज सकाळी माती उकरून दाणे जागेवर आहेत की नाही ते पाहिले आणि साहजिकच काहीही उगवले नाही. माझी जीभ शिवशिवत होती, पण सांगितले नाही. दुसऱ्या खेपेला त्यानेच दोन करवंट्या मागितल्या, एक उकरायला आणि एक न उकरायला. त्या दिवशी मी कार्यालयात चार जणांना हे ऐकवले आणि चौघांनीही सौजन्याने ऐकून घेतले.

पलीकडच्या इमारतीचे बांधकाम चालू होते तेव्हा वाळूचा ढीग होता आणि आमच्याकडे जुनी पिठाची चाळणी होती. तो महिना आमच्या घरातला सर्वांत शांत महिना होता.

काळजीवाहू
वाळूच्या ढिगात मांजरे घाण करतात, हे कृपया लक्षात ठेवावे. झाकलेली वाळू घ्यावी आणि खेळून झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

चिंचोक्यांविषयीही लिहिणे भाग आहे, शेवंतीताई रागावणार नाहीत अशी आशा आहे. आमच्या मुलीने तीन वर्षांची असताना भातुकली खेळता खेळता हरभऱ्याचा दाणा नाकात घातला. आम्ही घरी चिमट्याने काढायला गेलो आणि तो आणखी आत ढकलला. हरभरा ओलाव्याने फुगतो, त्यामुळे डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत तिला फारच त्रास झाला. डॉक्टरांनी दाणा एका मिनिटात काढला आणि आम्हाला दहा मिनिटे सुनावले, ते योग्यच होते. बिया, मणी, शेंगदाणे यांचा खेळ मोठे माणूस समोर बसलेले असतानाच द्यावा आणि अजून सगळे तोंडात घालणारे मूल असेल, तर देऊच नये. रिमोटमधल्या आणि खेळण्यांमधल्या चपट्या गोल बॅटऱ्या तर मुलांच्या दृष्टीसही पडू देऊ नयेत; गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते.

शेवंती
रागावण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा मी पोळ्या करत समोरच बसलेली असे, पण हे लिहायला हवे होते. डबा आता वरच्या फडताळात ठेवला आहे आणि तो माझ्यासोबतच खाली येतो.

शंभरी
मी काय बिघडवले ते लिहितो. मुलगा चार वर्षांचा होण्याआधीच एक ते शंभर अंक घडाघडा म्हणत असे आणि पाहुणे आले की मी त्याला म्हणायला लावत असे. एकदा माझी आई त्याला म्हणाली, "बाळा, तीन चमचे घेऊन ये." त्याने मूठभर चमचे आणले. आई काही बोलली नाही. तिने पाच बाहुल्या भिंतीला टेकवून पंगत बसवली आणि त्याला वाढपी केले. एका ताटाला एक वाटी, एका वाटीला एक चमचा. एक बाहुली बिनचमच्याची राहिली की ती 'रुसायची'. आठवडाभर ही पंगत रोज उठत होती. त्यानंतर तीन म्हणजे तीन आणि पाच म्हणजे पाच हे त्याला कळले, आणि पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत म्हणायला त्याने साफ नकार दिला.

पुढे मी एक प्रयोग करून पाहिला, जो ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाच्या नावाने प्रसिद्ध आहे. सहा-सहा बटणांच्या दोन रांगा समोरासमोर लावल्या. मुलगा म्हणाला, सारखी आहेत. त्याच्या डोळ्यांदेखत एका रांगेतली बटणे लांब लांब सरकवली. तो म्हणाला, आता ह्यात जास्त आहेत. मी तीन वेळा समजावले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, त्याला अजून तसंच दिसतं, तू कशाला घसा कोरडा करतोस?" तिने पियाजेचे नाव ऐकलेले नाही.

लेस्टरकर
आमची मुलगी इंग्लंडमध्ये नर्सरीत जाते. पहिल्याच आठवड्यात शाळेने गमबूट आणि पाणी न शिरणारा अंगरखा मागितला, कारण पाऊस असला तरी मुले बाहेर जातात. मुंबईच्या पावसात वाढलेल्या मला पहिल्यांदा वाटले, आता ही आजारी पडणार. ती आजारी पडली नाही, मी पडले. साचलेल्या पाण्यात उडी मारून शिंतोडे किती दूर जातात याची तिची आणि तिच्या मैत्रिणींची रोज स्पर्धा असते आणि बाई शेजारी उभ्या राहून केवळ विचारतात, "आता कुठून उडी मारशील?" त्या उत्तर सांगत नाहीत, हे मला शिकण्यासारखे वाटले.

मात्र खरा अनुभव भातुकलीचा आहे. दिवसभर इंग्रजी बोलणारी मुलगी आजीने पाठवलेली पितळी भातुकली काढली की मराठीत शिरते. "चहा उतू चालला, गॅस बारीक कर," "मीठ कोणी घातलं नाही?" ही वाक्ये तिला मी शिकवलेली नाहीत, व्हिडिओ कॉलवर आजी ओट्याशी बोलत असते, तिथून ती आली आहेत. घरची भाषा सोडू नका असे नर्सरीतल्या बाईंनीही सांगितले, तेव्हा मी पाटीवर अक्षरे गिरवून घेणे बंद केले आणि रोज संध्याकाळी खोटा चहा पिऊ लागले. काल तो फार गोड झाला होता.

रात्रीची_लोकल
हे सर्व वाचून मला फक्त अपराधी वाटते. मी रात्री आठ वाजता घरी पोहोचते, मुलगा साडेनऊला झोपतो, मधल्या वेळात जेवण. पाने आणि करवंट्या कोणी आणायच्या?

पालघरची बाई
बाळा, माझ्या पाड्यावरच्या आया दिवसभर वीटभट्टीवर असायच्या. त्यांनी कोणी खेळ 'घेतला' नाही. रात्री भाकरी करताना मूल शेजारी बसे, काटक्या लहान-मोठ्या लावून चुलीजवळ ठेवी, आणि आई त्याच्याशी बोले. तू जेवणाची ताटे घेताना त्याला वाट्या मांडू दे. आंघोळीच्या बादलीत एक मग, एक गाळणी आणि एक झाकण टाक. काय तरंगते आणि काय बुडते ते तो पाहील. दहा मिनिटे पुरतात, फक्त त्या दहा मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत असावा.

रात्रीची_लोकल
बाई, आज वाट्या मांडल्या. एक जास्त मांडली. विचारले तर म्हणाला, ती बाबांच्या मोबाइलची.

मनगट
शेवंतीताई, रेघांबाबत वर्गशिक्षिकांशी शांतपणे बोलून पाहावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानला आहे आणि त्यात खेळ आणि कृती यांतून शिकण्यावर भर आहे, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळे मागत नाही. बऱ्याचदा वही शिक्षिकांना नको असते; ती 'काही शिकवत नाहीत का?' असे विचारणाऱ्या आम्हा पालकांसाठी भरलेली असते.

शेवंती
बोलले. बाई तरुण आहेत आणि समजूतदार आहेत. त्या म्हणाल्या, आठवड्यातून एक पान आणि तेही बोटाने रव्यात गिरवले तरी चालेल, फक्त इतर पालकांना सांगू नका. आता मी येथे सांगितलेच आहे.

काल डबा खाली काढला. आमच्या आताच्या घरात दोन-दोन फुटांच्या चकचकीत फरश्या आहेत, दिवाणखान्यात मोजून चाळीस, त्यामुळे आईचा खेळ लेकीला तसाच जमणार नाही असे मला वाटत होते. तिने एका फरशीवर चार, एकीवर दोन, एकीवर सात चिंचोके ठेवले. ही घरे होती म्हणे, आणि सात म्हणजे आजी-आजोबांसकट. खिडकीजवळची एक फरशी मात्र रिकामी होती. मला वाटले सुटली असेल, म्हणून मी एक चिंचोका पुढे सरकवला. तिने माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, "तिथली माणसं गणपतीला गावाला गेलीत."

सातवा_मजला
आमच्याकडे चिंचोके नाहीत. कवड्या चालतील का?

काळजीवाहू
चालतील, परंतु मोठ्या घ्याव्यात आणि आधी धुवाव्यात.