मदत हवी आहे: रोमन बादशहा हेड्रियनच्या, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या नाण्यावरचं वर्ष कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी, माझ्या मामेभावाने लंडनहून एक टेट्राड्रॅकम (चार द्राख्मांचं नाणं) आणलंय, 24 मिमी, 12.8 ग्रॅम, चांदी नावापुरतीच, कडा काळपट. पुढे हेड्रियनचा मुखडा आणि मागे तिथला देव सेरापिस, ज्याच्या डोक्यावर धान्य मोजायचं माप आहे, अगदी आपल्या पायलीसारखं! रोमला इजिप्तमधून गहू जायचा ना, म्हणून मला हे फार आवडलं. अक्षरं मात्र सगळी ग्रीक, लॅटिनचा पत्ता नाही. म्हणजे चेहरा बादशहाचा पण देव आणि भाषा तिथलीच, आणि रोमचा दिनार तिथे चालायचाच नाही, बाहेरून आलेल्याने पैसे बदलून घ्यायचे, कंट्रोल रोमकडेच राहतो की!

आता अडचण. सेरापिसच्या बाजूला इंग्रजी एल सारखी खूण (म्हणजे 'वर्ष') आणि पुढे आयोटा एप्सिलॉन ही ग्रीक अक्षरं, म्हणजे त्याच्या राजवटीचं 15वं वर्ष. मी इ.स. 117 मध्ये 15 मिळवून 132 काढलं तर भाऊ म्हणतो 130-31. हेड्रियन 11 ऑगस्ट 117 ला गादीवर आला आणि इजिप्तचं नवं वर्ष 29 ऑगस्टला लागायचं, मग पहिलं वर्ष जेमतेम अडीच आठवड्यांचं धरायचं का? तसं धरलं तर भावाचंच बरोबर येतंय आणि 130 मध्ये हेड्रियन स्वतः इजिप्तमध्ये होता!! कोणी नीट सांगेल का प्लीज, आणि कडेला बारीक शिवणीसारखी रेघ दिसली तर नाणं ओतीव नकली समजायचं का?