बीडीडीच्या एका खोलीचा साचा काढून ठेवावा का?

नायगावचा नातू

आमची बीडीडी चाळीतली (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेली) इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची आहे. आजोबा गिरणीत लागले तेव्हापासून ही खोली आमच्याकडे, १६० चौरस फूट. आता ५०० फुटांचा फ्लॅट मिळेल, त्याचा आनंद आहेच. गळा काढायला धागा काढलेला नाही.

रेचल व्हाइटरीड नावाच्या लंडनच्या शिल्पकार आहेत, जन्म १९६३. १९९३ साली त्यांनी ‘हाउस’ नावाचं काम केलं. पूर्व लंडनमध्ये ग्रोव्ह रोडवर जुन्या घरांची एक रांग पाडली जात होती. त्यातलं उरलेलं एक घर बाईंनी साच्यासारखं वापरलं. आतून भिंतींवर काँक्रीट मारलं, ते धरल्यावर बाहेरच्या विटा, दारं, खिडक्या सगळं उतरवून टाकलं. मागे राहिली ती घराची आतली पोकळी, घट्ट झालेली. शेकोटीचा कोनाडा बाहेर फुगलेला, विजेच्या बटणाच्या जागी खळगा, दाराच्या कडीचा उलटा ठसा. तीन मजली ठोकळा, आत जायला वाट नाही.

नोव्हेंबरात त्यांना टर्नर पारितोषिक मिळालं, ब्रिटनमधलं कलेचं मोठं बक्षीस. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. आणि त्याच दिवशी तिथल्या कौन्सिलने ‘हाउस’ पाडायचा ठराव केला. ११ जानेवारी १९९४ ला पाडलंसुद्धा. जेमतेम अकरा आठवडे उभं होतं.

माझं म्हणणं एवढंच की वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून बीडीडीच्या २०७ इमारती. त्यातल्या एका खोलीचा असा साचा काढून ठेवावा. चाळीचं संग्रहालय केलं की काय करतात ते माहीत आहे: पितळी हंडा, वातीचा स्टोव्ह, आणि कोपऱ्यात बनियन घातलेला फायबरचा पुतळा पेपर वाचतोय. मला तो पुतळा नको. ज्या हवेत आम्ही नऊ जण झोपायचो ती हवा हवी आहे.

उगाच

म्हणजे घर पाडायचं आणि त्या जागी काँक्रीटचा ठोकळा उभा करायचा. मुंबईत हे रोज होतं, फक्त बक्षीस मिळत नाही.

तिसरा माळा, उजवीकडे

मी डिलाईल रोडच्या चाळीत लग्न होऊन आले त्याला छत्तीस वर्षं झाली. बाळा, रागावू नकोस, पण हे खूळ आहे. पोकळी कसली? त्या खोलीत पोकळी कधी होती का? सासू-सासरे, दोन दीर, नणंद, आम्ही दोघं, वर गावाहून कोण ना कोण ‘नोकरी लागेपर्यंत’ म्हणून आलेला. पोटमाळ्यावर दीर झोपायचे, त्यांचे पाय लटकायचे, खाली मी स्वयंपाक करायचे. मोरीला पडदा लावून आंघोळ, बाहेर सासरे बसलेले. संडासाला पॅसेजच्या टोकाला रांग.

त्याचा ठोकळा करून बागेत ठेवणार आणि कोणीतरी गोरा येऊन फोटो काढणार. मला ते बघवणार नाही. आणि एक सांग, त्या लंडनच्या घरात जो राहत होता, त्याला कोणी विचारलं होतं का?

नायगावचा नातू

मावशी, ‘पोकळी नव्हती’ हेच तर मी म्हणतोय. ठोकळा बघितला की वाटतं, एवढं ठासून भरलेलं होतं आत. रिकामी खोली जपून ठेवली तर ती खोटी वाटेल.

राहणाऱ्याबद्दल तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. तो निवृत्त गोदी कामगार होता. बाकीची रांग गेली तरी हटला नव्हता, म्हणून ते घर उरलं. त्याला दुसरं घर मिळाल्यावर बाईंच्या हाती ते आलं. आणि तो त्या शिल्पावर खूश नव्हता.

तिसरा माळा, उजवीकडे

झालं मग. गोदी कामगार म्हणजे आपल्यातलाच की.

रोट्रिंग ०.३

मी आर्किटेक्ट आहे. व्हाइटरीडचं काम मला आवडतं, तरी या प्रस्तावाला माझा विरोध आहे. भावनेने नाही, प्लॅनमुळे.

पोकळीचा साचा ही कल्पना त्यांची पहिली नाही. ब्रूस नौमन या अमेरिकन कलाकाराने साठच्या दशकातच स्वतःच्या खुर्चीखालच्या जागेचा काँक्रीटचा साचा काढला होता. व्हाइटरीडनी ती कल्पना वास्तूवर नेली. १९९० साली उत्तर लंडनमधल्या एका जुन्या घराच्या बैठकीच्या खोलीचा प्लास्टरमध्ये साचा काढला, ‘घोस्ट’. शेकोटीतली काजळी त्या पांढऱ्या प्लास्टरला लागली, ती तशीच राहिली. ‘हाउस’पेक्षा मला हे काम मोठं वाटतं. त्यात आरडाओरडा नाही, काजळी आहे.

आता बीडीडीचा प्लॅन आठवा. तळमजला अधिक तीन, दर मजल्यावर मधून पॅसेज, दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. वीस गुणिले चार, ऐंशी खोल्या. लंडनचं ते घर ‘खोल्यांचं’ घर होतं, तिथे माणसं आत राहायची. आपल्याकडे खोली फक्त झोपायला आणि शिजवायला. बाकी सगळं पॅसेजमध्ये: अभ्यास, भांडण, कॅरम, पापड, लग्न जमणं, प्रेतसुद्धा आधी पॅसेजमध्येच. खोलीचा साचा काढलात तर नेमकी चाळ सुटली. काढायचाच तर पॅसेजचा काढा. लांबच लांब काँक्रीटची दांडी आणि दोन्ही बाजूंना वीस उंबरठ्यांच्या खुणा.

नायगावचा नातू

च्यायला. हे सुचलं नव्हतं.

गनाइटवाला

रिपेरिंगची कामं घेतो, पंचवीस वर्षं. तुम्ही लोक गप्पा मारताय, मी हिशोब सांगतो. १६० फूट खोली, उंची दहा फूट धरा, १६०० घनफूट झालं. म्हणजे साधारण ४५ घनमीटर. घनमीटरला अडीच टनांच्या आसपास काँक्रीट. भरीव ठोकळा केला तर शंभर टनांच्या वर जातो. तो तिसऱ्या मजल्यावर भराल तर साचा काढायच्या आधी चाळच बसेल.

त्या बाईंनी भरीव केलेलं नाही, आतून फवारलंय. आम्ही त्याला गनाइटिंग म्हणतो. जाळी बांधायची, पाइपने मारायचं. फरक एवढाच की आम्हाला भिंत पकडायला हवी असते, त्यांना सुटायला हवी होती. म्हणून मध्ये काहीतरी लावून घ्यावं लागतं. आणि त्यांचं घर विटांचं होतं, बाहेरून वीट काढली की झालं. बीडीडी १९२० च्या दशकातली, पण काँक्रीटची आहे. काँक्रीटच्या साच्यातून काँक्रीट सोडवणार कसं? ब्रेकर लावला की साचा पण गेला आणि माल पण गेला.

तळमजल्याची खोली असेल तर बघू. पोटमाळा आधी काढावा लागेल.

उगाच

कोटेशन द्या आता.

साचेवाला, लालबाग

गणपतीचं काम आमच्या घरात तीन पिढ्या. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे आधी मातीत मूर्ती करतात, तिच्यावरून साचा, हल्ली रबराचा. मग साच्यात प्लास्टर आणि काथ्या, आणि एका साच्यातून पाहिजे तेवढ्या मूर्ती. म्हणजे आम्ही साचा जपून ठेवतो आणि मूर्ती पाण्यात सोडतो. ही बाई साचा फोडून टाकते आणि आतलं ठेवते. आणि आतलंसुद्धा सरकारने फोडलं म्हणता. मग विसर्जनच झालं की ते. अकरा आठवडे म्हणजे बराच मोठा गणपती!

थट्टा बाजूला. साच्यात सगळं उलटं उठतं, हे लोकांना बोलून कळत नाही. भिंतीत खुंटी असेल तर ठोकळ्यात भोक पडतं. कोनाडा असेल तर टेंगूळ येतं. देव्हाऱ्याची फळी असेल तर आडवी चीर. रंग येत नाही, वास येत नाही. पण नखाने ओरखडा काढला असेल ना, तो येतो. चांगला साचा काहीच सोडत नाही. नातू, तुझ्या खोलीत पहिल्यांदा हे बघ की कुठली वस्तू आत वळलेली आहे. तिथेच साचा अडकतो.

नायगावचा नातू

दाराशेजारी पेन्सिलने उंचीच्या रेघा आहेत. बाबांच्या, आत्याच्या, मग आमच्या. त्यातल्या दोन खिळ्याने कोरलेल्या. त्या येतील?

साचेवाला, लालबाग

खिळ्याच्या येतील. पेन्सिलच्या नाही.

लेणीवाला

एक वेगळा कोन. आपण या बाईंना ‘काय नवीन केलं’ म्हणून डोक्यावर घेतोय, पण शिल्प आणि वास्तू वेगळी काढताच येत नाहीत असा प्रकार आपल्या बोरिवलीला कान्हेरीत आहे, समोर घारापुरीला आहे. लेणं बांधत नाहीत, डोंगरातून दगड काढून घेतात, उरतं ते घर. वेरूळचं कैलास तर वरून खाली कोरत आणलंय. तिथे पोकळी हेच काम आहे. व्हाइटरीड म्हणजे लेण्याचं उलटं: पोकळी भरायची आणि डोंगर काढून टाकायचा.

पण लेण्यात माणूस आत जाऊ शकतो, सावलीत बसू शकतो. ‘हाउस’मध्ये कोणालाच जाता येत नव्हतं. मला हे कोतेपण वाटतं. ज्या घरात शिरता येत नाही त्याला मी घराचं स्मारक म्हणणार नाही.

रोट्रिंग ०.३

शिरता येत नाही हाच त्याचा अर्थ आहे हो. व्हिएन्नात युडेनप्लाट्झ चौकात त्यांचं २००० सालचं स्मारक आहे, नाझींनी मारलेल्या ऑस्ट्रियातल्या ६५,००० ज्यूंसाठी. काँक्रीटचं ग्रंथालय, पुस्तकांचे कणे आत वळवलेले, कुठल्याच पुस्तकाचं नाव दिसत नाही. दाराला मूठ नाही. कोणालाही आत घेत नाही म्हणूनच ते बोलतं.

तिसरा माळा, उजवीकडे

ते मारलेल्या लोकांसाठी आहे ना? मग ठीक आहे. आम्ही मेलेलो नाही. वरळीच्या लोकांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या, ५५६ जणांना, चाळीस मजली टॉवरमध्ये गेले. माझी जाऊ वरळीला, ती लिफ्टमध्ये घाबरते, पण संडास घरात आहे म्हणून तिने पहिल्या दिवशी पेढे वाटले. आमचं स्मारक कशाला करताय? आणि करणारच तर त्या संडासच्या रांगेचं करा, बघू कोण बक्षीस देतं.

रोट्रिंग ०.३

मावशी, यावर माझ्याकडे उत्तर नाही. व्हिएन्नाचं उदाहरण मी मागे घेतो.

ठाण्याला गेलेला

एवढा वेळ गप्प होतो. मावशींशी शंभर टक्के सहमत. चाळीबद्दल हळवे होणारे नव्वद टक्के लोक चाळ सोडून गेलेले असतात (मी पण). उरलेल्यांना प्लास्टर पडायची भीती असते. हे कलावाले नेमके पाडायच्या वेळीच का येतात? तीस वर्षांपूर्वी कोणी आलं असतं, ड्रेनेज लाइन दुरुस्त करा म्हणून बोंबललं असतं, तर त्याला मी कलाकार मानलं असतं.

आणि चाळ फक्त नॉस्टॅल्जिया नाही. कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला होता. मग साचा कुणाच्या खोलीचा? कैद्याच्या, पोलिसाच्या, की गिरणी कामगाराच्या? एक खोली निवडली की बाकीच्या गप्प.

नायगावचा नातू

‘पाडायच्या वेळीच’ हा आरोप मान्य. पण पाडायच्या आधी कोणी भिंत फोडू देईल का तुम्हाला?

आणि ‘कशाला’ हा प्रश्न काय आपल्यालाच पडलेला नाही. ‘हाउस’ उभं असताना कोणीतरी त्याच्यावर रंगाने लिहिलं होतं: कशाला? आणि कोणीतरी खाली उत्तर लिहिलं: का नाही?

उगाच

त्या बाईंना त्याच वर्षी ‘सगळ्यात वाईट कलाकार’ म्हणूनही बक्षीस मिळालं ना? के फाउंडेशन का काहीतरी. टर्नरचे २०,००० पौंड, यांचे ४०,०००. वाईट असण्याचा भाव दुप्पट. हे मला पटलं.

गनाइटवाला

मी रात्री परत विचार केला. पॅसेजचं जमणार नाही, आधीच सांगतो, पुनर्विकासाच्या साइटवर तेवढे दिवस कोणी देणार नाही. खोलीचंही जमणार नाही. पण एक भिंत जमेल. दाराची. जाळीबिळी काही नको, मातीचं काम आहे, लालबागवाल्या भाऊंचं.

साचेवाला, लालबाग

हो, मी तेच लिहिणार होतो. शाडू घे, पाच किलो पुरे. मऊ मळ, कानाच्या पाळीएवढी मऊ. भिंतीला आधी टाल्कम पावडर मार. शाडूची पोळी करून त्या रेघांवर दाब, मधून बाहेर दाबत जा, हवा राहू देऊ नकोस. लगेच सोडव, सुकू दिलीस तर आकसते आणि तडे जातात. तो साचा आडवा ठेवून त्यात प्लास्टर ओत. तुझ्या बाबांची उंची परत सुलटी मिळेल.

वर्कशॉपला ये, शिकवतो. गणपती झाल्यावर ये, आत्ता वेळ नाही.

नायगावचा नातू

येतो. मावशी, तुमच्या खोलीत पण येऊ का? तुम्हाला नको असेल तर राहू दे.

तिसरा माळा, उजवीकडे

ये की. चहा घेऊन जा. भिंतीला काय लावायचं ते लाव, नाहीतरी पडणारच आहे. फक्त मोरीच्या कडप्प्याला हात लावू नकोस. तो मधोमध झिजलाय, माझ्या सासूने आणि मी मिळून झिजवलाय. तो मी काढून गावाला नेणार आहे, टेम्पोवाल्याशी बोलणं झालंय.