शाहीर साबळे आणि भानुमतीबाई
लोकगायक शाहीर साबळ्यांचं कौतुक करणारा एक लेख वाचून आनंद झाला. मात्र त्यातल्या 'गाणं घरात त्यांच्यापासून सुरू झालं आणि मुला-नातवंडांपर्यंत आलं' या वाक्यात एक नाव राहून गेलं, ते म्हणजे त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंचं. त्या कवयित्री होत्या आणि शाहिरांनी गायलेली कित्येक गीतं त्यांच्या लेखणीतून उतरली आहेत. पहाडी आवाज लक्षात राहतो, शब्द कुणाचे हे विसरलं जातं. मला याचं फार वाईट वाटतं.

शाहीर मूळचे वाईजवळच्या पसरणीचे, जन्म १९२३चा. अमळनेरला शिकताना साने गुरुजींचा सहवास लाभला आणि त्यांच्या शाहिरीतला समाजसुधारणेचा सूर तिथूनच आला, असं मला वाटतं. पुढे 'यमराज्यात एक रात्र'सारखी मुक्तनाट्यं, मग 'महाराष्ट्राची लोकधारा' हा लोककलांचा कार्यक्रम, १९९८ला पद्मश्री. हे सगळं त्या लेखात आलंच आहे.

मुलगा देवदत्त साबळे यांचा उल्लेख मात्र अजून सविस्तर हवा होता. 'ही चाल तुरुतुरु' आणि 'मनाच्या धुंदीत लहरीत ये ना' या चाली त्यांच्या. डफ-तुणतुण्याच्या घरात वाढलेला मुलगा इतकी हळुवार, शहरी चाल बांधतो, पण ठेका कसा अगदी पावलात उतरतो! ती दोन्ही गाणी पुन्हा ऐका, फक्त तालाकडे लक्ष देऊन.

आणि भानुमतीबाईंची गीतं कुणाकडे एकत्र असतील तर जरूर कळवा.